हिरव्या वाटाण्याची डाळ शिजता शिजत नाही? तीन वाट्यांत कारण शोधा

इंग्लंडमधल्या रेडिंगला राहायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात घरातली तुरीची डाळ संपली. जवळच्या सुपरमार्केटात तूर नव्हती, पण हिरव्या वाटाण्याच्या डाळीचं अर्ध्या किलोचं पाकीट होतं. वर लिहिलेलं, ‘भिजवायची गरज नाही, 40 मिनिटं उकळा.’ मी 40 मिनिटं उकळली, मग तासभर, मग आणखी तासभर. दाणे फुगले, कडा जरा झिजल्या, पण मधली कणी तशीच. घोटायला गेलं की दाणे पळीखालून निसटायचे. वर हिरवट पाणी, तळाला डाळ, आणि ताटात भात वाट बघत बसलेला.

पुढची दोन वर्षं हे अधूनमधून होत राहिलं. कधी डाळ छान मोडायची, कधी दोन तास उकळूनही नाही. सगळ्यात त्रास त्याचाच, कारण दर वेळी वेगळ्याच गोष्टीवर संशय जायचा. कधी पाकीट बदललं, कधी भांडं, कधी भिजवण्याचा वेळ. आता मला कारणं नीट कळली आहेत आणि गेल्या कित्येक महिन्यांत एकदाही डाळ फसलेली नाही, म्हणून सविस्तर लिहिते. परदेशात ही डाळ तुरीच्या जागी वापरणाऱ्यांना याचा उपयोग होईलच, पण उन्हाळ्यात टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर स्वयंपाक करणाऱ्यांनाही होईल. तुरीला, हरभऱ्याच्या डाळीला आणि अख्ख्या वाटाण्यालाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

डाळ शिजते म्हणजे नेमकं काय होतं

हे समजलं की पुढचं सगळं आपोआप सुटतं. डाळीचा दाणा म्हणजे लाखो पेशी एकमेकींना चिकटवून केलेली रचना. चिकटवणारा पदार्थ पेक्टिन, ज्याच्या जोरावर पेरूची जेली घट्ट होते तोच. गरम पाण्यात पेक्टिन हळूहळू विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि दाणा बोटचेपा होतो. विरघळलं नाही तर आतला स्टार्च शिजूनही दाणा अखंड राहतो.

पेक्टिनला विरघळू न देणारे दोघे मुख्य: कॅल्शियम आणि आंबट. कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतं, आंबटामुळे पेक्टिनचं विरघळणं मंदावतं. आता डाळीत हे दोघे कुठून येतात तेवढंच शोधायचं.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते. अख्ख्या वाटाण्यात, मुगात, मटकीत काही दाणे रात्रभर पाण्यात राहूनही फुगत नाहीत, त्यांना आपण गणंग म्हणतो. तिथे दोष सालीचा असतो, ती पाणी आतच जाऊ देत नाही. आपल्या डाळीला साल नाही. ती भिजणारच, फुगणारच, वजनाने जवळजवळ दुप्पट होणारच. म्हणून भिजलेली डाळ बघून ‘आता शिजेल’ असं धरून चालू नका. मी हीच चूक किती वेळा केली! आठ तास भिजवलेली, टपोरी दिसणारी डाळ दोन तास उकळूनही तशीच राहिलेली मी पाहिली आहे.

पहिला संशयित: पाणी

माझा चुलतभाऊ ग्लासगोला राहतो. एकदा त्याच्याकडे जाताना त्याच पाकिटातली उरलेली डाळ घेऊन गेले, तिकडे आमटी करून दाखवायची म्हणून. साध्या पातेल्यात, न भिजवता, 45 मिनिटांत डाळीचा लगदा झाला. डाळ तीच, हात तोच, हळद-हिंगही घरून नेलेलं. बदललं होतं फक्त नळाचं पाणी.

रेडिंगचं पाणी खडूच्या खडकातून झिरपून येतं, त्यात कॅल्शियम भरपूर. केटलच्या तळाशी महिनाभरात पांढरा खर जमतो तो त्याचाच. लंडन आणि थेम्सच्या खोऱ्यातल्या बऱ्याच गावांत हीच स्थिती. ग्लासगोला मात्र 1859 पासून लॉख कॅट्रिन या डोंगरातल्या तळ्याचं पाणी येतं, आणि ते अतिशय हलकं आहे. तिथे केटल वर्षानुवर्षं स्वच्छ राहते.

आईला फोनवर हे सांगितलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही. ती म्हणाली, “अगं, आपल्या गावात बोअर आल्यावर तुरीची डाळ शिजेनाशी झाली. मग बाकी सगळ्याला बोअरचं आणि डाळीपुरती आडाची कळशी.” कोणत्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते आणि कोणत्या पाण्यात नाही, हे आपल्याकडच्या गावांत बायकांना पाठ असायचं. जड पाणी म्हणतो ते हेच. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला 200 मिलीग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेता येतो. म्हणजे पाणी पिण्याला चांगलं असूनही डाळीला वाईट असू शकतं. पुण्यात खडकवासल्याचं पाणी हलकं, पण उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाले की डाळीला दोन शिट्ट्या जास्त लागतात, तेव्हा गॅस मंद झाला असेल असं वाटतं. बदललेलं असतं पाणी.

उपाय सोपा आहे. आमच्याकडचा जडपणा बहुतांश उकळल्यावर निघून जाणाऱ्या जातीचा आहे. रात्री पातेलंभर पाणी दहा मिनिटं खळखळून उकळायचं, झाकून ठेवायचं, सकाळी तळाशी बसलेला पांढरा गाळ न हलवता वरचं पाणी ओतून घ्यायचं. भिजवायलाही तेच, शिजवायलाही तेच. घाईच्या दिवशी मी केटलमधलं दोन-तीनदा उकळलेलं पाणी वापरायचे आणि त्या दिवशी डाळ बरी शिजायची, याचा उलगडा मला तेव्हा झाला. बोअरच्या पाण्यात मात्र काही क्षार असे असतात की ते कितीही उकळलं तरी जात नाहीत. तिथे डाळीपुरतं आरओचं किंवा पालिकेचं पाणी घ्या. आरओचं पाणी फक्त शिजवायला घेऊन भिजवणीला नळाचं वापरू नका, कारण कॅल्शियम भिजतानाच आत शिरतं.

दुसरा संशयित: डाळीचं वय, आणि ती ठेवली कुठे ते

वाटाण्यात फॉस्फरसचा साठा फायटेटच्या रूपात असतो आणि त्या फायटेटने कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवलेलं असतं. डाळ उष्ण आणि दमट जागी महिनोन् महिने राहिली की हे फायटेट मोडतं, धरलेलं कॅल्शियम सुटतं आणि पेक्टिनला जाऊन चिकटतं. म्हणजे बाहेरचं पाणी कितीही हलकं असो, शत्रू दाण्याच्या आतच तयार झालेला असतो. असा दाणा भिजतो, पण शिजत नाही.

मी डाळीचा डबा शेगडीच्या वरच्या कपाटात ठेवत होते, हाताशी असावा म्हणून. रोजची वाफ आणि रोजची ऊब. डाळ जरठ करायला याहून योग्य जागा घरात नाही. आता डबा हवाबंद आणि शेगडीपासून लांबच्या कपाटात, खाली. महाराष्ट्रात जुलै ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की या महिन्यांत डाळ थोडी थोडी आणणं बरं. उन्हाळ्यात डाळी खडखडीत वाळवून भरून ठेवायच्या, ही जुनी पद्धत किड्यांसाठी होती तशी याच्यासाठीही उपयोगी होती.

हिरव्या डाळीचा एक मोठा फायदा असा की तिचं वय रंगावरून ताडता येतं. हिरवा आणि पिवळा वाटाणा एकाच जातीचे. पिवळ्यात दाणा पिकताना हरितद्रव्य मोडून जातं, हिरव्यात एका जनुकातल्या फरकामुळे ते टिकतं. मेंडेलने 1866 मध्ये छापलेल्या निबंधात वाटाण्याच्या ज्या जोड्या अभ्यासल्या, त्यातली एक हीच. हे टिकलेलं हरितद्रव्य उजेडाने आणि दमटपणाने फिकं पडतं. पाकिटात बरेच दाणे पिवळट, पांढुरके दिसत असतील तर डाळ जुनी किंवा उन्हात राहिलेली समजा. पारदर्शक पाकीट खिडकीजवळच्या फळीवरून उचलू नका. पाकिटावरची तारीख डाळ खाण्यायोग्य आहे एवढंच सांगते, ती शिजेल का हे सांगत नाही. सुटी डाळ घेताना दुकानदाराला ‘नवी आहे का’ विचारायला लाजू नका. वाळलेला वाटाणा भारतातही पुष्कळसा कॅनडा आणि रशियातून येतो, आणि गोदामात किती राहिला हे आपल्याला कळत नाही.

उलट दाणे अनैसर्गिक गडद, एकसारखे पोपटी दिसले तरी सावध व्हा. अर्धा तास पाण्यात टाकून बघा. पाणी स्पष्ट हिरवं झालं तर वरून रंग लावला आहे. हिरव्या वाटाण्यासाठी ही घरगुती चाचणी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानेच सांगितली आहे. मात्र उकळताना पाण्याला हिरवट झाक येते ती साहजिक आहे, तिला घाबरू नका.

तिसरा संशयित: चिंच, टोमॅटो, आमसूल

हे मला सर्वांत उशिरा कळलं, कारण चूक माझ्याच घाईत होती. आपली जुनी रीत बघा. आधी डाळ नुसती हळद-हिंग घालून शिजवायची, घोटायची, मग फोडणीत घालायची आणि चिंच-गूळ शेवटी. हा क्रम कोणी विज्ञान सांगून लावला नव्हता, पण अगदी बरोबर होता. आंबट तर डाळीला रोखतंच, गुळासारखं गोडही थोडंफार रोखतं. आमटीत दोन्ही असतात! आणि मी काय करत होते, तर इलेक्ट्रिक कुकरमध्ये फोडणी, कांदा, टोमॅटो, डाळ, चिंचेचा कोळ, सगळं एकदम टाकून झाकण लावत होते. एकाच भांड्यात सगळं करायच्या पाककृतींमध्ये डाळ कच्ची राहते त्याचं कारण बहुधा हेच. तूर पातळ आणि मऊ म्हणून निभावते, वाटाण्याची डाळ निभावत नाही.

मिठाला मात्र उगाच बदनाम केलं आहे. भिजवणीच्या पाण्यात लिटरला चमचाभर मीठ घातलं तर सोडियम पेक्टिनमधल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि डाळ लवकर मऊ होते. ते पाणी ओतून द्या आणि पुढे मीठ बेताने घाला.

तीन वाट्यांची परीक्षा

कोणता संशयित खरा हे अंदाजाने ठरवू नका. स्टीलच्या तीन वाट्या घ्या. पहिलीत तुमची डाळ आणि नळाचं पाणी. दुसरीत तुमचीच डाळ, पण उकळून निथळलेलं, आरओचं किंवा बाटलीतलं पाणी. बाटलीच्या लेबलावर कॅल्शियमचा आकडा लिटरला 15 मिलीग्रॅमच्या आत असलेली निवडा. तिसरीत दुसऱ्या दुकानातली नवी डाळ आणि तेच हलकं पाणी. प्रत्येकीत दोन चमचे डाळ, पाणी सारखं, दोन तास भिजवून तिन्ही वाट्या एकाच कुकरमध्ये चार शिट्ट्या. मीठ, हळद काही नको.

पहिली कच्ची आणि दुसरी-तिसरी मऊ झाली तर दोष पाण्याचा. पहिल्या दोन्ही कच्च्या, तिसरी मऊ, तर डाळ जरठ. तिन्ही मऊ झाल्या तर तुमचं पाणीही ठीक, डाळही ठीक, तुम्ही आंबट लवकर घालत आहात. तिन्ही कच्च्या राहिल्या तर कुकरची रिंग आणि शिट्टी बघा, दाब धरतच नसेल. चांगल्या दाबावर कुकरच्या आत 120 अंशांच्या आसपास तापमान जातं, उघड्या पातेल्यात 100 च्या वर जात नाही. महाबळेश्वरच्या उंचीवर तर पाणी 96 अंशांच्या आतच उकळतं, तिथे ही डाळ पातेल्यात करायच्या फंदातच पडू नये.

माझ्या घरी निकाल आला तो पाणी आणि आंबट, दोन्ही. म्हणूनच एक सुधारून भागत नव्हतं.

सोडा घालावा का?

घालता येतो, पण तो शेवटचा उपाय. इंग्लंडच्या उत्तरेत चिप्सबरोबर वाटाण्याचा जो लगदा खातात, त्याच्या वाळलेल्या वाटाण्याच्या पाकिटात भिजवणीसाठी सोड्याची गोळीच दिलेली असते. सोडा पेक्टिन झपाट्याने विरघळवतो, रंगही हिरवागार ठेवतो. पण त्याने थायमिन, म्हणजे ब1 जीवनसत्त्व नष्ट होतं, आणि या डाळीत ते चांगलं असतं. जास्त झाला तर साबणासारखी चवही येते. जुनी डाळ संपवायचीच असेल तर वाटीभर डाळीच्या भिजवणीत चिमूटभर घाला, ते पाणी फेका, डाळ धुवा आणि ताज्या पाण्यात शिजवा. शिजताना घालू नका. सोड्याशिवाय शिजवल्यावर डाळ खाकी-हिरवट होते. तो रंग खराब नाही, उष्णतेने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून गेलं की असं होतं.

कुकरची शिट्टी तुंबते, डाळ बाहेर येते

याकडे दुर्लक्ष करू नका. वाटाण्याच्या डाळीला तुरीपेक्षा कितीतरी जास्त फेस येतो, आणि तो फेस वाफेच्या भोकात अडकून वाळला तर कुकर धोकादायक होतो. डाळ फेस कमी होईपर्यंत चोळून धुवा, चमचाभर तेल घाला, आणि डाळ-पाणी मिळून भांडं निम्म्याच्या आतच भरा. मी तिसऱ्या हिश्श्यावर थांबते. डाळ थेट कुकरमध्ये न घालता आपल्या नेहमीच्या रीतीने कुकरच्या भांड्यात, वर झाकणी ठेवून लावली तर फेस बाहेर येत नाही आणि तळाला करपतही नाही. वाटीभर डाळीला तीन वाट्या पाणी, पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद, आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढायची नाही, फेस उसळून वर येतो.

पोट फुगतं

या डाळीत रॅफिनोज, स्टॅकिओज या जातीच्या शर्करा आहेत. आपल्या आतड्यात त्या पचत नाहीत, पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या खातात आणि वायू होतो. भिजवणीचं पाणी फेकल्याने त्या काही प्रमाणात जातात. हिंग, आलं, जिरं आपण घालतोच. पण खरा मुद्दा प्रमाणाचा आहे. कोरड्या डाळीच्या 100 ग्रॅममध्ये 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं असतात आणि जवळजवळ तितकाच चोथा. ब्रिटनमध्ये मोठ्या माणसाला दिवसाला 30 ग्रॅम चोथा खायला सांगतात, आणि माणशी 50 ग्रॅम डाळीची आमटी त्यातला तिसरा हिस्सा एका जेवणात देते. रोज मैद्याचा ब्रेड खाणाऱ्याने एकदम तेवढी खाल्ली तर पोट बोलणारच. पंधरा दिवस निम्म्या प्रमाणात, तुरीत मिसळून खा. निम्मी तूर, निम्मी ही डाळ, हे मिश्रण चवीलाही फार छान लागतं.

प्रथिनांबद्दल एवढंच, की या डाळीत लायसिन भरपूर आणि मेथिओनिन कमी, तर तांदळा-ज्वारीत नेमकं उलट. आमटी-भात किंवा आमटी-भाकरी खाल्ली की ही उणीव भरून निघते. डाळीत लोहही आहे, पण फायटेटमुळे ते पुरतं शोषलं जात नाही. जेवताना वरून लिंबू पिळलं तर शोषण सुधारतं. म्हणजे आंबट शेवटी घालणं दोन्ही अंगांनी फायद्याचं.

आमटी फसलीच असेल तर

चिंच-टोमॅटो घालून तासभर झाला आणि डाळ कच्चीच, अशा वेळी तीच आमटी उकळत बसू नका. गाळून रस बाजूला काढा. डाळ धुवा, हलक्या पाण्यात कुकरला सहा शिट्ट्या द्या, घोटा, आणि मग रस परत घाला. माझ्याकडे पाहुणे दारात असताना या उपायाने आमटी वाचली आहे.

आमटी दुसऱ्या दिवशी गोळा होते ही तक्रार नव्हे, या डाळीचा स्वभाव आहे. स्टार्च थंड झाल्यावर आवळतो. हॉलंडमध्ये याच डाळीचं हिवाळ्यातलं सूप इतकं दाट करतात की त्यात चमचा उभा राहावा अशी अपेक्षा असते. आपल्याला पातळ हवी, म्हणून गॅसवरून उतरवताना हवी त्याहून पातळ ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उकळतं पाणी थोडं थोडं घालत सैल करा.

आणि डाळ इतकी जरठ निघाली की कशालाच दाद देईना, तरी फेकू नका. पेशी सुट्या होत नाहीत हाच तिचा दोष, आणि ते काम मिक्सर करतो. रात्रभर भिजवा, पाणी काढून टाका, हिरवी मिरची, आलं, लसूण, जिरं घालून बारीक वाटा, दोन चमचे तांदळाचं पीठ आणि कोथिंबीर मिसळून पातळ धिरडी घाला. दोन्ही बाजूंनी झाकण ठेवून नीट भाजा, कच्चा हिरवट वास पूर्ण जाईपर्यंत. माझी शेगडीवरच्या कपाटातली दोन पाकिटं अशीच संपली.